जांभळीचं गिऱ्हाईक

"पांढरे केस, हातात काठी. ते आजोबा माझे हं," जांभळी ताई डबा उचलता उचलता म्हणाली. "अडीचला येतो म्हणालेत. आधी आले तर नुसतं बसवून ठेव. एवढा एक फोन गेला की माझा आकडा पुरा."

"जा गं ताई, निवांत जेव," पिवळी म्हणाली.

मोबाइलच्या त्या दुकानात प्रत्येक कंपनीनं आपापली बाई उभी केली होती, आणि टी-शर्टाचा रंग तेच तिचं नाव. महिन्याच्या विक्रीचा ठरलेला आकडा भरला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्या टी-शर्टात दुसरीच कोणी दिसायची. आज शेवटची तारीख. तीन वाजता आकडे कंपन्यांना कळवायचे होते. पिवळीचा आकडा परवाच भरला होता, म्हणून ती आरामात काचा पुसत होती. आणि जेवायला गेलेलीचं गिऱ्हाईक पळवायचं नाही, हा त्या बायकांचा आपसातला कायदा होता. कंपन्या बसू देत एकमेकींच्या उरावर.

आजोबा दोनलाच हजर झाले.

"बसा आजोबा, ताई येतेच आहे," पिवळी म्हणाली. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण आजोबांना स्वस्थ बसवेना. त्यांनी पिवळीच्या काउंटरवरचा एक फोन उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि नाक मुरडून खाली ठेवला.

"राग मानू नकोस, पण तुमचे फोन म्हणजे पोरांची खेळणी. मी नऊ वर्षं जांभळ्यांचाच वापरतोय. तुमचा फुकट दिला तरी घेणार नाही."

घ्या. आता "बरं आजोबा" म्हटलं असतं तर काय हिचा टी-शर्ट फाटणार होता? पण नाही. ज्या कंपनीला हिचं नावसुद्धा धड ठाऊक नव्हतं, तिच्यापायी हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्यांचा नवा फोन तापतो, आजोबा," ती म्हणाली. "खिशात ठेवलात तर चटका बसेल."

हे तिनं कुठं ऐकलं होतं? कुठंच नाही. पण एकदा जीभ सुटली ती सुटलीच. मग बॅटरी, कॅमेरा, मोठी अक्षरं, सगळं ओघानं आलं. नऊ वर्षांची निष्ठा वीस मिनिटांत गळाली. बिल छापून हातात आलं तेव्हा कुठं बाई भानावर आल्या. आता परत द्या म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार?

तेवढ्यात ताई आली.

"आलात आजोबा?" ती हसून म्हणाली, आणि तिची नजर त्यांच्या हातातल्या पिवळ्या खोक्यावर गेली.

"या पोरीनं वाचवलं बघ मला," आजोबा म्हणाले. "तुमचा नवा फोन तापतो म्हणे. खरं का?"

पिवळीनं मान खाली घातली. आता ताई आपलं पितळ उघडं पाडणार, आणि पाडावंच, असं तिला मनापासून वाटलं.

ताईनं हातातला डबा काउंटरवर ठेवला.

"तापतो थोडा," मग ती म्हणाली. "चांगला घेतलात तुम्ही. आणा इकडे, जुन्यातले फोटो नि नंबर यात टाकून देते."

आजोबा समाधानानं खुर्चीत टेकले. पिवळी ताईच्या जवळ सरकली.

"ताई, मी खोटं बोलले गं त्यांना. तू कशाला माझी री ओढलीस? दोन शिव्या तरी घाल मला."

"त्यांना आता पाच वर्षं तोच वापरायचाय," ताई हलक्या आवाजात म्हणाली. "रोज खिशातून काढताना फसलो असं वाटायला नको त्यांना."

ती रागावली असती तर पिवळीला बरं वाटलं असतं. तिला समोरचं धड दिसेना. ती टी-शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत राहिली. ताईनं दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले आणि दंडाला धरून तिला पुढं ओढलं.

"रडतेस काय, इकडे बघ. आमच्या फोनातून सगळं काढायचं असेल तर आधी हे दाबायचं, मग हे. नीट ध्यानात ठेव. उद्या माझ्या जागी जी येईल, तिला तूच शिकवायचंस."