कार्ब्युरेटरवाली

“कार्ब्युरेटरवाली घे,” सिग्वोर म्हणाली आणि वाफलच्या साच्यात पीठ ओतू लागली.

तिचा नवरा हाल्वार याने कपाळावर हात मारला. अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या, डोंगरावर मेंढ्यांमागे फिरायच्या, चार जाड चाकांच्या. एक त्याच्या जुन्या गाडीसारखीच कार्ब्युरेटरची, दुसरी नव्या फ्युएल इंजेक्शनची. दुकानदार यूस्टाइनने दोन्ही वापरून बघायला दिल्या होत्या. आज त्यातली एक तो परत नेणार होता.

“अगं, इंजेक्शनवाली बटण दाबलं की सुरू,” यूस्टाइन म्हणाला. “गारठ्यात चोक ओढत बसायला नको. वर हवा विरळ झाली, तर पेट्रोल आपलं आपण कमी करते. ही दुसरी उंचावर गेली की गुदमरते. दमेकऱ्यासारखी खोकते.”

“खोकू दे.”

“गाडीवर तू बसणार आहेस की मी?” हाल्वार चिडला. इतक्या वर्षांत या बाईने गाडीला हात लावला नव्हता. चोक कशाशी खातात, हे तिला ठाऊक नव्हतं. मग हा हट्ट आला कुठून? आता यूस्टाइनलाही राहवेना. “कारण तरी सांग, बाई!”

“सांगते. आधी कार्ब्युरेटरवाली घेऊन वर जा. कुठून जाणार ते मला सांगू नकोस.”

यूस्टाइन गाडी घेऊन गेला. सिग्वोरने खिडकी उघडली आणि तिच्याकडे पाठ करून वाफल उलटू लागली. हाल्वार दुर्बीण घेऊन खिडकीशी उभा राहिला.

“बर्चची झाडं संपली,” ती म्हणाली. संपली होती. “आता जुन्या गोठ्यापाशी.” होता. मग इंजिनाचा आवाज जड झाला, अडखळू लागला. “खिंडीच्या वर पोचला. हं, वळला. उतरतोय.” हाल्वारने दुर्बीण खाली घेतली आणि बायकोकडे बघतच राहिला.

यूस्टाइन परतला आणि दुसरी गाडी घेऊन गेला. तिचा मऊ, एकसारखा आवाज पहिल्याच वळणावर नदीच्या खळखळाटात विरला. सिग्वोर थांबून ऐकत राहिली. साच्यातला वाफल करपला.

“आता कुठे आहे?” हाल्वारने विचारलं.

“काय माहीत,” ती म्हणाली. यूस्टाइन तिचा कोणी नव्हता, तरी ती खिडकीतून वाकून डोंगराकडे बघू लागली.

हाल्वार मोठ्याने हसला. “म्हणजे घरात बसून माझ्यावर पाळत! फोन करत जा ना.”

“वर रेंज कुठे असते?”

“आणि मी काय कुक्कुलं बाळ आहे? गेल्या सप्टेंबरात मेंढ्या खाली आणताना गाडी उलटली, मी तिच्याखाली अडकलो. तरी शेजारचा ओस्मुन आलाच ना वेळेवर, स्वतःचा हरवलेला मेंढा शोधत? माझं नशीब बलवत्तर आहे, सिग्वोर. तू नको काळजी करू.”

सिग्वोरने करपलेला वाफल सुरीने खरवडून काढला.

“ओस्मुनचा मेंढा त्याच्या घरच्या गोठ्यातच होता,” ती म्हणाली. “खिंडीखालच्या उतारावर कोणी इंजिन बंद करत नाही. तुझं बंद पडलं, म्हणून मीच त्याला वर पिटाळलं.”