नवी कॉइल

मुलगा गेल्यापासून परसातल्या पंपाचं जुनं इंजिन मधेच मिसिंग करायला लागलं होतं. दोनदा ठसकायचं, दम घ्यायचं, मग पुन्हा चालायचं. शेवटच्या आजारात मुलगा अगदी तसाच खोकायचा.

"अहो, काहीतरी करा त्याचं," बायको कानांवर हात ठेवून म्हणायची. "मला वेड लागेल."

तो स्वतः मेकॅनिक. एका दुपारी त्याने फ्लायव्हील उतरवलं, ठिणगी पाडणारे झिजलेले पॉइंट काढले आणि त्यांच्या जागी नवी इलेक्ट्रॉनिक कॉइल बसवली. दोरी ओढताच इंजिन सुरू झालं. एक ठोकासुद्धा चुकेना.

ते ऐकताना त्याला भडभडून आलं. मुलाचं जे काही उरलंसुरलं होतं, तेही आपण आपल्याच हातांनी पुसून टाकलं. त्याने इंजिन बंद केलं.

तेवढ्यात वरून, मुलाच्या खोलीतून ठसका ऐकू आला. दोनदा. मग दम घेतल्याचा आवाज.

बायको दारातच उभी होती. तिने पेलाभर पाणी घेतलं आणि जिना चढली. तो जिन्याखालीच थांबला.

ती खाली आली तेव्हा पेला रिकामा होता.

"सगळं प्यायला," ती म्हणाली. "आता तुम्हाला बोलावतोय."