शेवटची पाच मिनिटं

"पहिल्या भागात हा हिरो दरीत पडून मेला. दुसऱ्यात मिशी लावून जुळा भाऊ म्हणून परत आला. आता तिसऱ्यात मिशी काढलीय, म्हणजे म्हणे हा त्या मेलेल्याचा मुलगा!"

पडद्यावर नावं सरकत होती आणि मी बायकोला ऐकवत होतो. तिन्ही भाग मी पहिल्याच रविवारी पाहिलेत, त्यामुळे शिव्या घालायचा मला पूर्ण अधिकार आहे.

कुणी उठत नव्हतं. हल्ली नावं संपली की पुढच्या भागाचा तुकडा दाखवतात, म्हणून सगळे पॉपकॉर्नचे रिकामे डबे मांडीवर घेऊन बसले होते. सफाईवाल्या मावशी झाडू घेऊन पायऱ्यांवर ताटकळत उभ्या होत्या.

तुकडा आला. दरी दिसली. दरीतून एक हात वर आला.

"घ्या! बापही जिवंत!" मी ओरडलो.

दिवे लागले. मावशी झाडत झाडत आमच्या रांगेपर्यंत आल्या आणि जरा संकोचून म्हणाल्या, "दादा, प्रत्येक भागाची शेवटची पाच मिनिटं मी रोज चार-चारदा बघितलीत. त्याआधी आम्हाला आत सोडत नाहीत. आधीच्या तीन तासांत काय होतं हो?"

मी तोंड उघडलं. बायकोही कुतूहलाने माझ्याकडे बघू लागली. मारामारी आठवली, बर्फातलं गाणं आठवलं. गोष्ट मात्र काही केल्या आठवेना.

"तसं काहीच नाही," मी म्हणालो.

मावशींचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बरं झालं विचारलं. इतकी वर्षं वाटायचं, आपलं काहीतरी बघायचं राहतंय. पाय वर घ्या."