अर्धं मिनिट

सरांनी कोटी केली, वर्ग हसला, हसून गप्प झाला, आणि मग पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी एकटीच हसली. त्यावर वर्ग पुन्हा हसला.

तिला ऐकू येत नव्हतं. कायद्याच्या या वर्गात कॉलेजने तिच्या शेजारी एक स्टेनोबाई नेमून दिल्या होत्या. कोर्टातून निवृत्त झालेल्या. वर्गात जे बोललं जाईल ते सगळं त्या लॅपटॉपवर टाइप करायच्या, आणि लॅपटॉपला जोडलेल्या छोट्या पडद्यावर विद्यार्थिनी ते वाचायची. पण महिनाभर लॅपटॉप रेंगाळत होता. बाईंची बोटं सरांच्या तोंडाबरोबर पळत, अक्षरं मात्र अर्ध्या मिनिटाने, एकदम घोळक्याने येत. सर प्रश्न विचारायचे, दुसरं कुणीतरी उत्तर द्यायचं, आणि सगळं उरकल्यावर हिचा हात वर जायचा.

"ताई, पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा आहे," मधल्या सुट्टीत ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीच जरा मोठा लागे. "प्रश्न माझ्यापर्यंत येईस्तोवर सर पुढच्याला बोलावतील. या डब्यापायी नापास व्हायचं का मी?"

बाईंनी मान हलवली आणि लॅपटॉप उचलला. दोघी तळमजल्यावरच्या संगणक खोलीत गेल्या.

तिथल्या तंत्रज्ञाने चष्मा कपाळावर सरकवला, चार्जर उलटा केला आणि त्यावरचं बारीक लिखाण डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

"हा कुठून पैदा केलात?"

"कपाटात पडला होता. मूळच्याची वायर तुटली."

"भोकात बसला की आपला, होय? याच्या गरजेच्या निम्मीसुद्धा वीज हा देत नाही. त्यात बॅटरी मेलेली. घोड्याला मूठभर चण्यांवर पळवताय तुम्ही. तो बिचारा जीव सांभाळून पावलं टाकणारच." त्याने पडदाही जोडून पाहिला. "आणि याचा ड्रायव्हर परस्पर बदललाय."

"म्हणजे काय?"

"मशीन काय म्हणतंय ते पडद्याला समजावणारा. दुभाष्याच म्हणा ना. नवा आलाय, त्याला या जुन्या पडद्याची भाषा धड येत नाही. जुन्यालाच परत बोलावतो." मग त्याने मान वर केली. "महिनाभर असंच चालवलंत? आधी का नाही आणलात?"

"चालत होतं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, चालू दे."

त्याने बॅटरी बदलली, खणातून योग्य चार्जर काढून दिला, ड्रायव्हर पुन्हा टाकला. लॅपटॉप दोनदा बंद होऊन चालू झाला. बाईंनी एक ओळ टाइप करून पाहिली.

"अय्या!" विद्यार्थिनी म्हणाली. "अक्षर बोटाला चिकटूनच येतंय!"

सुट्टीनंतरच्या तासाला सरांनी पहिलाच प्रश्न विचारला आणि तिचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. उत्तर बरोबर होतं. सरांनी 'शाब्बास' म्हटलं, तेही तिने तिथल्या तिथे वाचलं. पुढच्या कोटीला ती वर्गाबरोबर हसली. चाळीस जणांच्या हसण्यातून तिचं हसणं वेगळं काढता आलं नसतं.

सर करार शिकवत होते. "समजा, तुम्ही पत्राने होकार कळवलात. पत्र पेटीत पडलं की तुमचा होकार झाला. ते पोचतं कधी, हा टपालाचा प्रश्न."

"सर, आपलं टपाल आज वेळेवर पोचलं की!" मागच्या बाकावरून आवाज आला. "तिकीट जादा लावलेलं दिसतंय."

वर्ग खो खो हसला. सर फळ्याकडे वळले.

बाईंनी वाक्य टाइप केलं होतं. कानात पडलेलं बोटांतून उतरायचं, मन मागाहून यायचं. तीस वर्षांची सवय. आणि महिनाभराच्या सवयीने त्यांचं बोट लगेच खोडायच्या बटणावर गेलं. शेवटच्या शब्दापासून वाक्य मागे मागे पुसत गेलं. इतके दिवस तेवढा वेळ मिळत होता. अक्षरं पडद्यावर यायच्या आत त्यांच्यावर बोळा फिरलेला असायचा. आज वाक्य आधी दिसलं आणि मग गेलं.

विद्यार्थिनी रिकाम्या ओळीकडे बघत होती.

"टपाल म्हणजे मी?" तिने विचारलं. तिच्या मोठ्या आवाजाने वर्गातलं हसणं थांबलं.

बाईंनी टाइप केलं, 'हो.'

"रोज म्हणतात?"

'हो.'

"आणि तुम्ही रोज पुसता?"

सर खडू धरून उभे होते. 'हो', बाईंनी टाइप केलं. मग त्यापुढे, 'तुला वाईट वाटू नये म्हणून.'

तिने ते वाचलं. चेहरा लाल झाला, पण ती रडली नाही. "मला वाटायचं, मी बावळट आहे," ती म्हणाली. "लोक हसतात आणि का ते मला कळत नाही. ताई, तुमच्या पाया पडते, यापुढे एक अक्षर पुसू नका."

मग ती उठली आणि मागच्या बाकांकडे तोंड करून उभी राहिली. पडदा तिने हातात धरला होता.

"कोण बोललं? आणखी काही म्हणायचं असेल तर म्हणा. मला आता लगेच कळतं."

ती पडद्याकडे बघत थांबली. बाईंनी चाळीस चेहऱ्यांवरून नजर फिरवली, सरांकडे पाहिलं, आणि टाइप केलं:

'कुणीच काही बोलत नाही. सरसुद्धा.'