फुग्यांचं घर

ओजस पहिला वर गेला. पुठ्ठ्याच्या त्या इवल्याशा घरात तो मांडी घालून बसला, छपरावरचे दीडशे गॅसचे फुगे डुलले आणि घर जमिनीवरून उठून थेट पहिल्या मजल्याच्या गॅलरीपाशी गेलं. लालबागची ती अख्खी चाळ तालीम बघायला कठड्यांवर वाकली होती.

फुगे आपले शोभेपुरते. घर खरं उचलत होती ती काळी नायलॉनची दोरी, मागच्या काळ्या पडद्यात न दिसणारी. वर लोखंडी गर्डरला कप्पी, पडद्याआड ओढायला चार जण. यंदाच्या गणपतीचा हा देखावा हितेंद्रच्या डोक्यातून निघालेला. दहीहंडीला वरच्या थराच्या पोरांना दोर बांधणारा तोच, मग त्याच्या शब्दाबाहेर कोण जातंय?

ओजसची आई रुपाली तेवढी खालून नजर हलवत नव्हती. दोरी एकच का, असं तिने पोराला बसवतानाच विचारलं होतं. दोन पोती तांदूळ चढवून बघितलेत वहिनी, तुमचा ओजस म्हणजे शेंगदाणा, असं म्हणून हितेंद्र हसला होता. दुसरी लावली तर ती दिसणार, मग घर तरंगतंय असं कोणाला वाटणार? सगळे हसले, मग तीही हसली. चारचौघांत स्वतःला भित्री कोण ठरवून घेणार?

ओजस खाली आला. मग कुशाबांची नात जाऊन आली, मग पाटकरांचा धाकटा. सगळं बिनबोभाट.

चौथी अक्षता, हितेंद्रची एकुलती एक. फ्रॉक सावरून बसली आणि म्हणाली, पप्पा, ओढा. हितेंद्रने हात वर केला, पण इशारा काही देईना. एकदा कप्पीकडे बघितलं, एकदा गाठीकडे. मग थांबा जरा म्हणाला, पिशवीतून दहीहंडीचा पांढरा दोर काढला, शिडी चढून गर्डरवरून घेतला, पोरीच्या कमरेला दोन वेढे दिले, गाठ तीनदा ओढून बघितली. दुसरं टोक स्वतःच्या मुठीत धरलं. हात सराईत, आपण काय केलं हे त्याला मागाहून कळलं.

घर वर गेलं. या खेपेला टाळ्या पडल्या नाहीत. काळ्या पडद्यावर पांढरा दोर लख्ख दिसत होता.

चाळ आता घराकडे नाही, हितेंद्रकडे बघत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मूठ सैल करवेना. रुपाली जवळ आली. पाच वर्षांच्या घोड्याला तिने तान्ह्यासारखं कडेवर घेतलं होतं. आवाज चढवला नाही.

"भाऊजी, माझा पोरगा वर होता तेव्हा हा दोर कुठे होता?"

पिशवी आत्ताच घरून मागवली, असं म्हणाला असता तरी खपलं असतं.

"पिशवीतच होता, वहिनी."