गाळ बसेपर्यंत

तपासणीच्या साहेबांनी सांडपाण्याच्या टाकीतलं तपकिरी पाणी काचेच्या उंच नळीत हजाराच्या खुणेपर्यंत भरलं, नळी खिडकीत ठेवली आणि घड्याळ पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं. अर्ध्या तासात गाळ तीनशेच्या खाली बसला, तर धानाच्या पेंढ्याचा, तणसाचा, पुठ्ठा करणारा हा कारखाना पास. नाही बसला, तर टाकीचं पाणी नाल्यात सोडणाऱ्या फाटकाला सील.

मॅनेजर धनराजभाऊंनी टाकीवरच्या मुखरूकडे पाहिलं. मुखरूने घसा खाकरला.

आपल्याला कशाला बसवलंय ते त्याला ठाऊक होतं. गेल्या खेपेला त्याच्या गोष्टीपायी याच साहेबांची सिंदेवाहीची बस हुकली होती. हा गाळ तीनशेला टेकायला दीड तास घेतो, हे सकाळीच करून पाहिलं होतं. तेवढी गोष्ट लांबली, साहेब घड्याळ विसरले, की मुखरूची नोकरी पक्की. कागद धनराजभाऊंच्या खिशात तयार होता.

मुखरू टाकीवर यायच्या आधी जाळी विणायचा. त्यामुळे घाण खाणाऱ्या जंतूंमधले ते केसासारखे लांब जंतू त्याला इंजिनिअरच्या आधी उमगले. हे धागे थोडे असले तर गाळाला धरून ठेवतात, गोळा होऊन तो खाली बसतो, वर नितळ पाणी राहतं. फार माजले की गाळ पिंजल्या कापसासारखा फुगतो आणि बसायचं नाव घेत नाही. आणि टाकी उपाशी राहिली की हेच माजतात. टाकीतल्या जंतूंना खाऊ म्हणून यायचा तो युरिया दोन महिन्यांपासून धनराजभाऊंच्या शेतात, धानाच्या बांधीत जात होता. धान असं उठलं होतं, की आत शिरलेला बैल शेपटीवरून शोधावा लागे.

साहेब गेले की संध्याकाळी फाटक उघडून सगळी टाकी नाल्यात सोडायची, हेही ठरलं होतं. पावसात धुऊन जाते, असं धनराजभाऊंचं म्हणणं. पण नाला उतरतो गावच्या तलावात. तिथं मागच्या बुधवारी मुखरूच्या बायकोने, इंदुताईने, बावीस घरांच्या वतीने बोटाएवढी मासोळी सोडली होती. हा गाळ पाण्यातली हवा खाऊन टाकतो. मासोळी सकाळपर्यंत उलटी.

"साहेब, एकडाव मी असं जालं इनलो," मुखरूने सुरुवात केली, "का सुईचं टोक जाईना त्याच्यातून."

ते जाळं म्हणे त्यानं तलावात फेकलं. ओढलं तर मासोळी राहिली बाजूला, पाणीच अडकलं. दोन बैलजोड्या लावल्या तेव्हा कमळांसकट अख्खा तलाव वर आला. खाली कोरडी भुई, आणि मधोमध एक म्हैस, मालकाकडे पाहत उभी.

साहेब खो खो हसले. अकरा पस्तीस झाले, कुणी पाहिलं नाही. धनराजभाऊंनी चहा मागवला. नळीतला गाळ नऊशेच्या खाली उतरला नव्हता.

गोष्टीत मुखरू आता तलाव खांद्यावर घेऊन बांधावर उभा होता. जाळं करकरत होतं. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूलाही गाव. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"मग? ठेवला कुठं तलाव?"

या प्रश्नाला मुखरूकडे ठेवणीतलं उत्तर होतं. तलाव आरमोरीच्या बाजारात नेला, पायलीनं मापून विकला. तिथून पुढे आणखी तासभर गोष्ट चालते. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याची नजर खिडकीतल्या नळीवर गेली.

बशीतला चहा निवत राहिला. धनराजभाऊंनी खिशावर हात ठेवला.

"काऊन थांबला गा, मुखरू? सांग ना साहेबाले."

"अजून ठेवला नाई, साहेब," मुखरू म्हणाला. "आज संध्याकाळी सोडनार हायेत, आमच्या नाल्यात. तुमी घडी पाहा."

साहेबांचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांनी मनगट वळवलं, मग मान. गाळ नऊशेवर तसाच उभा होता. वर दोन बोटं नितळ पाणी.