नाईटची झोप

"तू जिथं बसली आहेस तिथलं वातावरण एका शब्दात सांग," नूतनने इंग्रजीत विचारलं आणि उत्तराची वाट पाहू लागली.

लॅपटॉपच्या पडद्यावर तैवानची युटिंग होती. वृद्धाश्रमातली नर्स, वयाने नूतनएवढीच, बोलायला लाजाळू. आजचा धडा होता मनःस्थिती आणि वातावरण सांगणाऱ्या शब्दांचा. कोझी, ग्लूमी, टेन्स, पीसफुल. तिकडे ढग आले होते म्हणून युटिंगने आपल्या खोलीला 'ग्लूमी' म्हटलं.

"छान. आता माझी खोली सांग." नीट दिसावं म्हणून नूतन खुर्चीसकट जराशी बाजूला झाली.

मागे दिवाणावर तिचे बाबा, शेषराव, झोपले होते. स्टील प्लांटमध्ये रात्रपाळी करून सकाळीच आले होते. कोहका वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत कूलर आणि वायफाय दोन्ही पुढच्याच खोलीत, त्यामुळे बाप झोपणार तिथंच आणि लेक शिकवणार तिथंच. नाईटवरून आलेल्या माणसाला उठवायचं नाही, हा त्या घरातला सोवळ्याहून कडक नियम. दारावरची घंटी बंद, कुकर मागच्या अंगणात, भाजीवाल्याला खुणेनंच वाटेला लावायचं. एकदा दारावरून वरात चालली होती, तर नूतनच्या आईने, राधाबाईंनी, रस्त्यात जाऊन बँडवाल्यांपुढे हात जोडले होते.

शेषरावांचं घोरणं तेवढं कुणाला आवरता आलं नव्हतं. ते थेट तैवानपर्यंत पोचायचं. पहिल्याच तासाला युटिंगने विचारलं होतं, "तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का?" नूतन लाजेने अर्धी झाली होती.

आज तो प्रश्नच नव्हता. क्लास सुरू करण्याआधी नूतनने स्वयंपाकघरात डोकावून आईला सांगितलंही होतं, "आई, बाबा आज घोरून नाही राहिले."

"बरं झालं ना व," राधाबाई कुजबुजल्या. "थकले असन. झोपू दे. तुया क्लास तरी आज धड होईन."

"पीसफुल," युटिंग म्हणाली.

"व्हेरी गुड!"

पण युटिंग हसली नाही. ती पडद्याजवळ सरकली. "नाही, टीचर. पीसफुल नाही. दुसरा शब्द." आणि तिला तो सापडेना.

शब्द विद्यार्थ्याच्या तोंडात घालायचा नाही, त्याचा त्याला शोधू द्यायचा, असं नूतनला क्लासवाल्यांनी पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. ती हाताची घडी घालून थांबली. "घाई नको. नीट आठव."

"टेन्स?" युटिंगने स्वतःच मान हलवली. तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. तिची नजर नूतनच्या खांद्यावरून मागे लागली होती आणि तिथून हलत नव्हती. "टीचर... चादर. रोज वर, खाली. आज..."

"पूर्ण वाक्यात," नूतन सवयीने म्हणाली.

युटिंगचा चेहरा पांढरा पडला. सगळं व्याकरण सोडून ती ओरडली, "पापा! टीचर, पापा! वेक पापा!"

नूतनने मागे वळून पाहिलं.

चादरीतून बाबांचा उजवा पाय बाहेर आला होता. झोपेतही तो पाय सारखा हलत असायचा, त्यावरून राधाबाई त्यांना कितीदा बोलल्या होत्या. आज अंगठ्यावर माशी बसली होती आणि पाय हलत नव्हता.  नूतन उठली, आणि उठतानाही खुर्ची वाजू नये म्हणून तिनं ती दोन्ही हातांनी उचलून मागे ठेवली. दिवाणाशी जाऊन तळपायाला हात लावला. कूलरच्या टाकीत हात घालावा तसा तो गार होता.

"बाबा!"

त्या घरात दिवसाउजेडी इतका मोठा आवाज कुणी कधी काढला नव्हता. लॅपटॉपवर युटिंग दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. नूतन बाबांना गदागदा हलवत होती. "बाबा! बाबा, उठा ना!"

आतून राधाबाई पदराला हात पुसत धावत आल्या. दारातच थांबून त्यांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू ना व, पोरी," त्या कुजबुजल्या. "नाईट करून आले ना ते."